स्विचमधील फेहरिस्त : कोणाला वाट, कोणाला मनाई

देवपूर आणि धुळ्यातील बऱ्याच कापड दुकानांत आता गल्ल्यावर एक-दोन संगणक, माडीवर हिशेबाचा एक, गोदामात एक आणि छताला सात-आठ कॅमेरे अशी मांडणी झालेली आहे. ह्या सर्वांच्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात तिला स्विच म्हणतात. तारा बसवणारा कारागीर येतो, तारा खोचतो, हिरवे दिवे लुकलुकू लागले की मजुरी घेऊन निघून जातो. त्या दिवसापासून गल्ल्यावरचा संगणक हिशेबाच्या संगणकाशी बोलू शकतो. कॅमेराही बोलू शकतो, आणि दुकानाचे वायफाय वापरणाऱ्या गिऱ्हाइकाचा मोबाइलही बोलू शकतो. कोणी कोणाशी बोलावे हे मात्र कोणीच ठरवलेले नसते.

हे ठरवण्याची सोय चांगल्या स्विचमध्ये असते. तिचे नाव अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट. संगणकवाले तिला थोडक्यात एसीएल म्हणतात, आपण फेहरिस्त म्हणू. ही फेहरिस्त कशी लिहावी, कोठे लावावी आणि तिच्यात व्यापारी माणूस कोठे फसतो, एवढाच आजचा विषय आहे.

कापडवाल्याने ह्यात कशाला पडावे, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर न्हावा-शेवा बंदरात मिळते. दिनांक २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून एक विषाणू सुटला. त्याचे नाव पुढे नॉटपेट्या पडले. तो आत शिरला तो कोणत्या वाटेने? तर युक्रेनमधील कंपन्या कराचा हिशेब ठेवण्यासाठी 'एम.ई.डॉक' नावाची प्रणाली वापरत, तिच्या सुधारित आवृत्तीच्या वाटेने. म्हणजे आपल्याकडे जसा जीएसटीचा हिशेब संगणकावर होतो, तशाच कामाच्या वस्तूतून. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी जगातील मोठ्यातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिचा युक्रेनमध्येही कारभार होता. तेथून हा विषाणू कंपनीच्या जाळ्यात पसरला, आणि त्याच गटाकडून चालवले जाणारे न्हावा-शेवाचे 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे कंटेनर टर्मिनलही बंद पडले. संगणकावर चालणारे काम हाताने करण्याची पाळी आली. आत येणारा आणि बाहेर जाणारा माल तुंबेल हे ओळखून बंदराला गाड्या उभ्या करण्याच्या जागेची तजवीज करावी लागली. युक्रेनमधील हिशेबाची प्रणाली कोठे आणि रायगड जिल्ह्यातील क्रेन कोठे! पण दोघे एकाच जाळ्यात होते.

मर्स्कने स्वतः सांगितलेले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे होते. कंपनीचे अध्यक्ष जिम हेगेमान स्नाबे ह्यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. एक गोष्ट तर आपल्या खानदेशी माणसाला ऐकून गंमत वाटेल. कंपनीच्या जाळ्यातील सर्व खात्यांची नोंद ठेवणारे मुख्य सर्व्हर जगभर साफ झाले. एकच वाचला, तो आफ्रिकेतील घाना देशात. का वाचला? त्या वेळी तेथे वीज गेलेली होती म्हणून तो जाळ्याबाहेर होता.

आता मुद्दा नीट समजून घ्यावा. ह्या विषाणूचा एक रस्ता विंडोजमधील एका दोषातून जात होता. तो दोष बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. पण ज्यांनी दुरुस्ती करून घेतली होती ते संगणकही पडले. कारण दुसरा रस्ता असा होता की विषाणू एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलायचा आणि तोच पासवर्ड दाखवून शेजारच्या संगणकात राजरोस शिरायचा. दोन्ही रस्त्यांत मुख्य दार एकच, फाइली वाटून घेण्याचे ४४५ क्रमांकाचे. संगणकाला अशी दारे हजारोंनी असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. एका विभागातून दुसऱ्या विभागाकडे जाताना ४४५ चे दार जेथे बंद असते, तेथे असा विषाणू आपल्या विभागातच अडकतो. बाहेरच्या फाटकावर कितीही पहारा ठेवा, एकदा आत आलेल्याला आतल्या आत अडवणे ही निराळी गोष्ट आहे. फेहरिस्त हे काम करते.

प्रथम स्विच कोणता आहे ते पाहावे. बाजारात स्वस्तात मिळणारा साधा स्विच फक्त तारा जोडतो, त्यात फेहरिस्त लिहिता येत नाही. 'मॅनेज्ड' किंवा 'स्मार्ट' असे लिहिलेला स्विच लागतो. विभागा-विभागांत वाट देण्याचे काम स्विचनेच करावे असे असेल तर 'लेयर थ्री' जातीचा लागतो. तो नसेल तर तेच काम राउटरवर करता येते, नियम तेच राहतात. पुढे जे आदेश दिले आहेत ते सिस्को कंपनीच्या धाटणीचे आहेत. येथे ते नागरीत लिहिले असले तरी स्विचवर ते रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाकावे लागतात, हे लक्षात असू द्यावे.

फेहरिस्तीच्या आधी विभाग पाडावे लागतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. स्विच एकच, पण त्याच्या पोटात जणू तीन-चार निरनिराळे स्विच. समजा आपण हिशेबाचा विभाग १० क्रमांकाचा केला, त्याचे पत्ते १९२.१६८.१०.१ पासून. गल्ल्याचा विभाग २०, पत्ते १९२.१६८.२०.१ पासून. कॅमेरे आणि त्यांची नोंद ठेवणारे यंत्र विभाग ३० मध्ये. पाहुण्यांचे वायफाय विभाग ४० मध्ये. बाहेरच्या इंटरनेटचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. हिशेबाचा मुख्य संगणक १९२.१६८.१०.५ वर आहे आणि गल्ल्यावरचे संगणक त्याच्यावरील सामायिक फोल्डर उघडून बिले करतात. हे फोल्डर उघडण्याचे दार तेच, ४४५.

ह्यानंतर संगणकाला हात लावण्याआधी कागदावर साध्या मराठीत लिहावे. गल्ल्याने मुख्य संगणकाचे फक्त ४४५ चे दार ठोठवावे. घरातल्या इतर कोणाकडे जाऊ नये. बाहेर इंटरनेटवर जावे. हा कागद तयार नसताना जो स्विचसमोर बसतो तो हमखास चुकतो. गल्ल्याची फेहरिस्त अशी होते:

१० परमिट यूडीपी एनी ईक्यू ६८ एनी ईक्यू ६७
२० परमिट यूडीपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ होस्ट १९२.१६८.१.१ ईक्यू ५३
३० परमिट टीसीपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ होस्ट १९२.१६८.१०.५ ईक्यू ४४५
४० डिनाय आयपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ १९२.१६८.०.० ०.०.२५५.२५५
५० परमिट आयपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ एनी

परमिट म्हणजे इजाजत, डिनाय म्हणजे मनाई. त्यानंतर भाषा कोणती, मग कोणाकडून, मग कोणाकडे, आणि शेवटी कोणत्या दारातून. 'एनी' म्हणजे कोणीही, 'होस्ट' म्हणजे हा एकच, 'ईक्यू' म्हणजे बरोबर हेच दार. पहिल्या ओळीने गल्ल्यावरच्या संगणकाला सकाळी सुरू होताना स्वतःचा पत्ता मागता येतो. दुसरीने त्याला नावावरून पत्ता शोधता येतो, ती नसेल तर इंटरनेट 'चालू' असूनही एकही पान उघडत नाही. तिसरी ओळ बिलाची. चौथीने घरातील बाकी सर्व वाटा बंद. पाचवीने बाहेरची वाट मोकळी.

आता खरा नुक्ता. स्विच ही फेहरिस्त वरून खाली वाचतो आणि जी ओळ पहिल्यांदा लागू पडते तेथेच थांबतो. खालच्या ओळी तो पाहतच नाही. तरतीब हीच येथे सर्व काही आहे. वरील पाचवी ओळ कोणी तिसरीच्या आधी टाकली तर मनाईची ओळ कागदावर राहील, पण तिच्यापर्यंत कोणी पोहोचणारच नाही, सर्वांना वरच इजाजत मिळून जाईल. उलट, चौथी ओळ तिसरीच्या आधी गेली तर बिले बंद. म्हणून सूत्र असे की नेमकी, एखाद्यालाच लागू पडणारी ओळ वर आणि सरसकट ओळ खाली. ओळींना १०, २०, ३० असे आकडे देतात ते ह्यासाठीच. उद्या मध्ये एखादी ओळ घालावी लागली तर २५ क्रमांक देऊन घालता येते.

दुसरी गोष्ट न लिहिलेल्या ओळीची. प्रत्येक फेहरिस्तीच्या शेवटी 'बाकी सर्वांना मनाई' अशी एक ओळ असतेच, ती पडद्यावर दिसत नाही. मी स्वतः ह्यात फसलेलो आहे. गल्ल्यावरच्या पोरांनी कॅमेऱ्यांशी खेळू नये म्हणून मी एकच ओळ लिहिली, गल्ल्याकडून कॅमेऱ्यांकडे जाण्यास मनाई. लग्नसराईतला शनिवार होता, बस्ता बांधायला पारोळ्याकडचे कुटुंब आलेले, साड्यांचे ढीग पडलेले, आणि बिल निघेना. मी तार हलवून पाहिली, संगणक बंद करून सुरू केला. शेवटी जुनी बिलबुके काढली आणि हाताने आकडेमोड केली. दोष कोणाचाच नव्हता. एका मनाईच्या पाठोपाठ न लिहिलेली सरसकट मनाई लागू झालेली होती, आणि खाली इजाजतीची ओळ लिहायची राहून गेली होती. ज्या फेहरिस्तीत एकही 'परमिट' नाही ती फेहरिस्त म्हणजे कुलूप होय.

पत्त्यापुढे जे ०.०.०.२५५ लिहिले आहे त्याने तर शिकलेली पोरेही गोंधळतात. संगणकाचा पत्ता बसवताना आपण २५५.२५५.२५५.० असे लिहितो, येथे ते उलटे आहे. शून्य म्हणजे 'हा भाग जुळलाच पाहिजे', २५५ म्हणजे 'हा भाग काहीही चालेल'. सवयीने कोणी येथे २५५.२५५.२५५.० लिहिले तर स्विच तक्रार करत नाही. तो अर्थ असा घेतो की पहिले तीन आकडे काहीही असोत, शेवटचा मात्र शून्य हवा. शेवटी शून्य असलेला संगणक आपल्या दुकानात नसतोच. मग मनाईची ओळ कोणालाच लागत नाही आणि मालक मात्र निर्धास्त झोपतो. बिल बंद पडले तर दहा मिनिटांत कळते, ही चूक वर्षानुवर्षे कळत नाही. काही कंपन्यांच्या स्विचवर सरळ मास्क किंवा /२४ अशी खूण चालते, तेव्हा आपल्या स्विचची पुस्तिका पाहूनच लिहावे.

फेहरिस्त नुसती लिहून भागत नाही, ती कोठेतरी लावावी लागते. गल्ल्याची फेहरिस्त विभाग २० च्या इंटरफेसवर 'इन' ह्या दिशेने लावायची. 'इन' म्हणजे स्विचच्या दृष्टीने आत येणारे, म्हणजेच गल्ल्याकडून निघालेले. पुष्कळजण स्वतःच्या दृष्टीने विचार करून 'आउट' लावतात आणि मग काहीच अडत नाही किंवा नको ते अडते. स्विचच्या पोटात बसून पाहावे, म्हणजे दिशा चुकत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. विभागाच्या इंटरफेसवर लावलेली फेहरिस्त एका विभागातून दुसऱ्या विभागात जाणाऱ्यालाच तपासते. गल्ल्यावरचे दोन संगणक एकाच विभागात असतील तर त्यांचे आपसांतले बोलणे त्या दारावरून जातच नाही. त्यांनाही एकमेकांपासून अडवायचे असेल तर ज्या खाचेत त्यांची तार आहे त्या खाचेवर फेहरिस्त लावावी लागते. काही स्विचमध्ये खाचांना एकमेकांशी न बोलू देण्याची निराळी सोय असते. कॅमेऱ्यांसाठी ती उत्तम, कारण कॅमेऱ्याला दुसऱ्या कॅमेऱ्याशी काही काम नसते. त्याला फक्त नोंद ठेवणारे यंत्र हवे असते. बाहेर इंटरनेटवर जाण्याचीही कॅमेऱ्याला गरज नाही. पुष्कळ कॅमेरे कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच वर्षानुवर्षे चालू असतात. त्यांना बाहेर मोकळे सोडणे म्हणजे दुकानाची मागची खिडकी उघडी ठेवणे आहे. आपल्याला मोबाइलवर दुकान पाहायचे असेल तर इजाजत नोंद ठेवणाऱ्या यंत्राला द्यावी, कॅमेऱ्यांना नको.

आणखी एक. स्विचची फेहरिस्त विसराळू असते. कोण काय मागायला गेला होता हे तिला आठवत नाही, समोर आलेली प्रत्येक चिठ्ठी ती नव्याने वाचते. समजा माडीवरून आपण गल्ल्याचा पडदा पाहू इच्छितो. जाणारी चिठ्ठी गल्ल्यापर्यंत पोहोचते, पण गल्ल्याचे उत्तर परत येताना वरच्या चौथ्या ओळीत अडकते. म्हणून टीसीपी भाषेसाठी 'एस्टॅब्लिश्ड' असा शब्द आहे. तो जोडलेली इजाजतीची ओळ चौथीच्या आधी टाकली तर नवे बोलणे अडते, पण सुरू झालेल्या बोलण्याचे उत्तर जाऊ दिले जाते. फायरवॉल नावाचे यंत्र हे सर्व स्वतः लक्षात ठेवते, म्हणून ते महाग असते. दुकानाच्या आतल्या वाटांसाठी स्विचची फेहरिस्त पुरते. बाहेरच्या फाटकावर फायरवॉलच पाहिजे.

वाचकांपैकी कोणी बारकाईने पाहणारा म्हणेल की आपण ४४५ चे दार मुख्य संगणकाकडे उघडेच ठेवले आहे, मग विषाणू तेथून जाणार नाही काय? जाईल. हे भोक बिलासाठी ठेवावेच लागते. पण सर्व संगणक पडणे आणि एक पडणे ह्यात फरक आहे. हिशेबाच्या विभागालाही तशीच स्वतःची फेहरिस्त लावली, म्हणजे मुख्य संगणकाला गल्ल्याकडे आणि गोदामाकडे स्वतःहून ४४५ ने जाण्यास मनाई केली, तर विषाणू पुढे सरकत नाही. गल्ल्यावर आणि माडीवर एकच पासवर्ड ठेवू नये, कारण नॉटपेट्याने नेमके तेच वापरले. आणि रोज रात्री हिशेबाची नक्कल काढून ती डिस्क तारेपासून वेगळी ठेवावी. घानाच्या सर्व्हरला जे नशिबाने मिळाले ते आपण हाताने करू शकतो.

फेहरिस्त बसवण्याची वेळ रात्रीची, दुकान वाढवल्यानंतरची असावी. आपण ज्या तारेवरून स्विचशी बोलत आहोत तीच तार आपल्या ओळीने कापली जाण्याचा संभव असतो, आणि मग स्विच आपलेही ऐकत नाही. ह्यावर सिस्कोच्या स्विचमध्ये सुंदर उपाय आहे. आधी चालू रचना जपून ठेवावी, मग 'रिलोड इन १०' असा आदेश द्यावा. दहा मिनिटांनी स्विच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि न जपलेल्या नव्या ओळी विसरतो. आत अडकलो तर दहा मिनिटे थांबायचे. सर्व ठीक चालले तर 'रिलोड कॅन्सल' देऊन मग 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ने जपायचे. हा शेवटचा आदेश विसरलात तर पुढच्या वेळी वीज गेली की सारी मेहनत वाया जाते. दुसरी एहतियात अशी की पूर्ण फेहरिस्त लिहून झाल्यावरच ती इंटरफेसवर लावावी. आधीच लावलेल्या रिकाम्या फेहरिस्तीत पहिली ओळ पडताच न लिहिलेली मनाईही लागू होते.

बसवल्यानंतर तपासणी करायचीच. गल्ल्यावरून एक बिल करावे, एक छपाई करावी, एक वेबसाइट उघडावी. मग जे होऊ नये तेही करून पाहावे. गल्ल्यावरून माडीवरच्या दुसऱ्या संगणकाचे फोल्डर उघडते का? पाहुण्यांच्या वायफायवरून कॅमेरा दिसतो का? बहुतेक लोक चालणारे तपासतात आणि अडणारे तपासत नाहीत. 'शो अ‍ॅक्सेस-लिस्ट्स' हा आदेश दिला की बऱ्याच स्विचवर प्रत्येक ओळीपुढे ती किती वेळा लागू पडली त्याचा आकडा दिसतो, काही स्विचवर तो पूर्ण दिसत नाही. मनाईच्या ओळीपुढचा आकडा एकाएकी हजारांनी वाढला तर कोणता तरी संगणक दारोदार ठोठावत फिरत आहे असे समजावे आणि त्याची तार आधी काढावी.

ओळीच्या शेवटी 'लॉग' शब्द जोडला तर अडवलेल्याची नोंदही राहते. ही नोंद आता नुसत्या हौसेची राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संगणकी हल्ल्याची खबर सहा तासांत देण्यास आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे. लहान आणि मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिलेली होती, ती केव्हाच संपली. स्विचच्या पोटात नोंदीला जागा थोडी असते, जुनी नोंद पुसून नवी येते. म्हणून ती दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची व्यवस्था करावी आणि स्विचचे घड्याळ बरोबर लावावे. १९९३ सालची तारीख दाखवणारी नोंद कोणाच्याही उपयोगाची नाही, आणि न लावलेले घड्याळ पुष्कळ स्विचवर तीच दाखवते.

कारागिराकडून काम करून घेतले तर जाताना त्याच्याकडून फेहरिस्तीची छापील प्रत मागून घ्यावी आणि प्रत्येक ओळीपुढे ती कशासाठी आहे ते मराठीत किंवा उर्दूत आपल्या हाताने लिहावे. गल्ल्यावरचा संगणक बदलला, नवा छपाई यंत्र आला, कॅमेरा वाढला, की त्या कागदावर आधी खूण आणि मग स्विचवर ओळ. माझ्याकडे असा कागद हिशेबाच्या वहीत खोचलेला आहे. त्यावर दोन ओळी अशा आहेत की त्या ज्या यंत्रांसाठी होत्या ती यंत्रे मागच्या वर्षीच भंगारात गेली. त्या ओळी ह्या आठवड्यात काढायच्या आहेत.